पुसलेली नखं

वाघाचा ठसा कोणता आणि कुत्र्याचा कोणता हे हौशीरामला कळत नाही असं कुणी म्हणालं, तर राजुरीतलं शेंबडं पोरही हसेल. पाटाच्या कडेच्या ओल्या चिखलात, बापाचं बोट धरून तो हे शिकला होता. आमच्याकडं बिबट्याला बिबट्या म्हणतात ते फक्त पेपरवाले आणि फॉरेस्टवाले. आम्ही सरळ वाघ म्हणतो. पहाटे उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला पायाखालचा चिखल वाचता यावाच लागतो. बापानं सांगितलेलं साधं होतं. वाघ नखं आत ओढून चालतो, कुत्र्याला ते जमत नाही. ठशाच्या पुढं नखांची टिंबं दिसली की कुत्रं. नाही दिसली की गुमान घरी फिरायचं. एवढं ज्याला ठाऊक, तो माणूस चुकला असं म्हणायला जागाच उरत नाही. हौशीराम चुकला नाही. त्यानं केलं. आणि कशासाठी केलं, तर गवतासाठी. आता काय बोलायचं राव.

राजुरीला दोन भावांत मिळून जमीन बेताची, म्हणून थोरला भिमाजी शेतीवर राहिला आणि हौशीराम जुन्नरला साळुबाईच्या बागेत माळी म्हणून लागला. त्याला बावीस वर्षं झाली. साळुबाई नावाच्या एका बिनलेकराच्या बाईनं मरताना ही सव्वा एकर जागा गावाला देऊन टाकली होती. बागेचा कारभार एक कमिटी बघायची, आणि बाग बघायचा हौशीराम.

जुन्नरच्या पेठांमध्ये घराला घर चिकटलेलं. बोळ असे, की समोरून मोटरसायकल आली तर माणसानं कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. अशा गावाला साळुबाईची बाग म्हणजे अंगणच होतं. पहाटे पोलीस भरतीची पोरंपोरी पळायला यायची. त्यांच्यामागून रिटायर मास्तरांचा घोळका येऊन, गोल उभा राहून, ठरवून हसायचा. दहाच्या सुमाराला बायका मेथीच्या जुड्या घेऊन सावलीत निवडत बसायच्या, कारण घरात उजेड नाही आणि सासूही आहे. दुपारी दुकानातली माणसं करंजाखाली डबा सोडायची. ज्यांच्या घरात टीव्ही बंद होत नाही असली अभ्यासू पोरं तिथंच भिंतीला टेकून वाचायची. संध्याकाळी तर काय, झोपाळ्याला नंबर लागायचे.

हौशीरामच्या गळ्यात शिट्टी आणि जिभेवर कुरकूर. "अहो गुरुजी, ते फूल काय तुमच्या शर्टाला उगवलं काय?" असं तो खुशाल विचारायचा. पण कोणत्या गुरुजींची साखर किती वाढलीय, कोणत्या सुनेचं घरी पटत नाही, हे त्याला बायकोच्या आधी कळायचं. माणसं बागेत आली की बोलतात. घरी बोलत नाहीत इतकं बोलतात.

सायराबानू त्या बागेत पहिल्यांदा आली ती सुनेच्या खांद्यावर भार टाकून. तिच्या नवऱ्याचं, राजमहंमदचं, गाद्यांचं दुकान होतं. जुन्नरातल्या निम्म्या लग्नांच्या गाद्या सायराबानूनं शिवलेल्या. साठी आली तरी जाड दाभणाचा टाका सुटायचा नाही बाईचा. मग एके दिवशी डाव्या अंगावरून वारं गेलं. हात पुष्कळ सुधारला, पण डावा पाय मेला तो मेलाच. पाय जमिनीवर आहे का हवेत, हे तिला खाली बघून कळायचं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज अनवाणी मऊ जमिनीवर चालवा, हिरवळीवर चालवा, तळव्याला काहीतरी कळू द्या. आता दुकानाच्या वर दोन खोल्या आणि खाली बोळ, तिथं हिरवळ कुठून आणायची? म्हणून सून रुबिना तिला बागेत आणू लागली.

पहिल्या दिवशी हौशीराम सवयीनं खेकसला, की चपला घालून गवतात जायचं नाही. सायराबानू म्हणाली, "भाऊ, म्हणून तर हातात घेतल्यात." दुसऱ्या दिवशी त्यानं करंजाखालच्या जुन्या गवताच्या पट्ट्याला धरून, पुरुषभर अंतरावर खुंट्या ठोकून, कमरेइतक्या उंचीवर बांबू बांधला. वीस पावलांचा कठडा झाला. "धरून चाला भाभी," एवढंच म्हणाला आणि पाइप घेऊन निघून गेला. कुणी आभार मानायला लागलं की त्याला संकोच व्हायचा.

आठ महिने ती वीस पावलं जायची आणि वीस पावलं यायची. दिवाळीनंतर दहिवर पडायला लागलं. एका सकाळी ती मध्येच थांबली. रुबिनाला वाटलं चक्कर आली. हौशीराम धावत गेला.

"हौशीरामभाऊ," सायराबानू डाव्या पायाकडं बघत म्हणाली, "गार लागलं."

रुबिना तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. हौशीरामनं खाली वाकून गवतावर हात फिरवला, ओला तळवा सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, की हाय बुवा, दहिवर हाय, खोटं न्हाई. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं बायकोला, अंजनाला, हे तीनदा सांगितलं. जणू पाय त्याचाच होता.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. आता त्या गवताचं ऐका.

बागेच्या मधल्या मोकळ्या जागेत लोकांच्या पायांनी टक्कल पडलं होतं. जानेवारीत बागेला पंचवीस वर्षं होणार म्हणून कार्यक्रम ठरला, आणि कमिटीच्या अध्यक्षांना तिथं हिरवागार गालिचा पाहिजे होता. हौशीरामनं भिमाजीच्या बांधावरून पोती भरभरून हरळी आणली. भिमाजी पोट धरून हसला. जी हरळी उपटता उपटता आमच्या सात पिढ्यांच्या कमरा गेल्या, ती हा शहाणा हातानं लावणार. लावली तरी त्यानं. मूठ मूठ, वीतभर अंतरावर, पंधरा दिवस उकिडवं बसून. भोवती दोरी बांधली, पाटी लावली. लोकांनी दोरी ओलांडली, पाटीला पिशव्या अडकवल्या. रविवारी पोरांनी तिथंच क्रिकेट मांडलं आणि सोमवारी निम्मी हरळी उपटून आली.

हौशीरामनं अध्यक्षांना विनवलं, की आठ दिवस बाग बंद ठेवा, मुळं धरू द्या. अध्यक्ष म्हणाले, गाव बोंबलंल, बाग बंद व्हायची नाही. आणि मग चार माणसांदेखत, हसणाऱ्या मास्तरांदेखत, त्याला म्हणाले, "बावीस वर्षं पगार खातोस आणि तुला गवत येईना होय रे?"

हा शब्द त्याला लागला. भिमाजी काही बोलला असता तर त्यानं परतफेड केली असती. इथं तो मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधी तो आत गेला, तर रात्री पाणी दिलेल्या वाफ्यात ठसे उमटलेले. मोठे, खोल, करंजापासून भिंतीपर्यंत. एखादं दांडगं कुत्रं भिंतीच्या भगदाडातून येऊन गेलं होतं. नखांची टिंबं अशी स्वच्छ होती की आंधळ्यानं हात फिरवून सांगावं. हौशीराम त्या ठशांपाशी उकिडवा बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं उजव्या हाताचा अंगठा टेकवला आणि एक एक टिंब पुसून टाकलं. चार ठशांची सोळा नखं. तळव्याची टाच दाबून ठशाची गादीही थोडी रुंद केली. बाकीच्या ठशांवर पाइप सोडला. बापानं शिकवलेलं एवढं नीट त्यानं आयुष्यात दुसरीकडं कुठं वापरलं नव्हतं.

सायराबानूची आठवण त्याला आली नाही असं समजू नका. आली. चार दिवसांनी काय होतंय, असं म्हणून त्यानं ती बाजूला सारली.

मग तो फाटकावर गेला आणि जमलेल्या मास्तरांना म्हणाला, की आत जाऊ नका, वाघ येऊन गेलाय. बस, तेवढंच. पुढचं काम गावानं केलं. तासाभरात ठशांचे फोटो मोबाइलवरून पार आळे गावापर्यंत पोचले. फॉरेस्टचे गार्ड येईपर्यंत बघ्यांनी दोन ठसे तुडवले होते. उरलेल्यांकडं बघून ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण वस्तीतली जागा आहे, धोका नको. उसाची तोड चालू होती, उसात लपलेले वाघ उघड्यावर पडण्याचेच ते दिवस. संध्याकाळपर्यंत एका बाईनं गुरगुर ऐकली, एकानं भिंतीवर शेपूट पाहिलं, आणि कुणाची तरी कोंबडी नाहीशी झाली. पराचा कावळा म्हणतात, इथं तर पर देखील नव्हतं. तिसऱ्या दिवशी बागेत पिंजरा आला, त्यात बेंबटणारी शेळी आली, आणि फाटकाला दुसरं कुलूप लागलं.

चार दिवसांचे आठ झाले. आठाचे पंधरा. हरळीनं अंग धरलं, आणि बाहेर गाव आंबत गेलं. मास्तरांचा घोळका एका मंगल कार्यालयाच्या जिन्याखाली दोन दिवस हसला आणि मोडला. भरतीची पोरं हायवेच्या कडेनं पळायला लागली. मेथीवाल्या बायका आपापल्या अंधारात गेल्या. रोज फाटकाशी येऊन कुणी ना कुणी आत डोकवायचं आणि हौशीरामला म्हणायचं, भाऊ, तुम्ही होतात म्हणून बरं. तो एकटा आत झाडायचा. पाचोळा झाडून झाला की पुन्हा झाडायचा. एवढी शांत बाग त्यानं बावीस वर्षांत मागितली होती, आणि आता ती मिळाल्यावर त्याला तिथं बसवेना.

राजुरीहून भिमाजीचा फोन आला. गोठ्यातली कालवड वाघानं नेली होती, खराखुरा वाघ, आणि पिंजरा मागितला तर उत्तर मिळालं होतं की जुन्नरच्या बागेतला मोकळा झाला की देऊ. हौशीराम तसाच उठून गार्डकडं गेला. म्हणाला, साहेब, इथला वाघ गेलाय, पिंजरा न्या. गार्ड म्हणाले, "ठसे तुम्हीच पाहिलेत. तो गेला हे तुम्हाला कसं कळलं?" उत्तर एकच होतं आणि ते अंगठ्यात होतं.

पण हे सगळं एकीकडं ठेवा. ज्यासाठी ही गोष्ट सांगतोय ते दहाव्या दिवशी घडलं. सकाळी सायराबानू रुबिनाला घेऊन फाटकाशी आली. गज धरून उभी राहिली. दहा दिवस घरात बसून चेहरा उतरला होता. म्हणाली, पाय परत मुका व्हायला लागलाय भाऊ, रात्री चिमटा घेऊन बघितला. मग म्हणाली, "तुमी काठी घेऊन संगं उभं राहाल तर धाच मिंटं चालते. तुमी असल्यावर मला भ्या न्हाई वाटायचं."

साऱ्या जुन्नरात एकच माणूस होता ज्याला पक्कं माहीत होतं की आत वाघ नाही. मागच्या अंगाचं दार त्याच्या एकट्याच्या किल्लीनं उघडत होतं. धा मिनिटं. पण कुणी पाहिलं असतं तर विचारलं असतं, की हौशीराम, वाघ नाही एवढी खात्री तुला कशी? अधू बाईला घेऊन वाघाच्या तोंडी गेलास कसा? तेवढ्या प्रश्नाला तो भ्याला. गजाआडून तिच्याकडं न बघता म्हणाला, "नको भाभी. जिवाशी खेळ नको. घरी जावा."

सायराबानूनं मान हलवली. उलट त्यालाच म्हणाली, की तुम्हीपण आत एकटे फिरता, जपून ऱ्हावा. आणि गेली.

मग ती बोळातच चालायला लागली. भिंत धरून, फरशीवरून, रोज सकाळी. दुसऱ्या आठवड्यात समोरून मोटरसायकल आली. धडक बसली नाही, बिचाऱ्या पोरानं वेळेत ब्रेक मारला. पण पायरीवर चढायला म्हणून सायराबानूनं डावा पाय उचलला, आणि तो पायरीवर टेकला का नाही हे तिला कळलंच नाही. पडली ती खुब्यावर. मंचरला नेऊन ऑपरेशन केलं, आत सळी घातली. रुबिनानं फाटकाशी येऊन हे सांगितलं तेव्हा हौशीरामच्या हातात खुरपं होतं. ते त्यानं जमिनीत खुपसलं आणि परत काढायला विसरला. दुसऱ्या दिवशी गंजलेलं सापडलं.

चाळीस दिवसांनी, जानेवारीत, पिंजरा रिकामाच परत गेला. बाग उघडली. पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमाला मधली हिरवळ अशी दाट झाली होती की लोक चपला हातात घेऊन फोटो काढत होते. आणि अध्यक्षांनी, त्याच अध्यक्षांनी, हौशीरामला पुढं बोलावून शाल पांघरली, नारळ दिला. जिवाची पर्वा न करता गावाला सावध करणारा माणूस, असं माईकवर म्हणाले. टाळ्या बराच वेळ वाजल्या. माणूस शरमेनं मरत असता तर हौशीराम त्या स्टेजवरच आडवा झाला असता. पण माणूस मरत नाही, नारळ घेऊन घरी येतो. अंजनानं कौतुकानं शाल दाराशी खुंटीला लावली. त्यानं ती काढून पेटीच्या तळाला घातली आणि जेवायला नको म्हणाला.

दर दोन दिवसांनी तो सायराबानूला बघायला जायचा. जाताना ओंजळभर फुलं न्यायचा, कधी पेरू. न जावं तर राहवेना, आणि गेलं की ती जे बोलायची ते ऐकवेना. जिना चढवेना म्हणून तिची खाट खाली दुकानातच टाकली होती; आलेल्या गिऱ्हाइकाला ती तिथून सांगायची, की हे बघा, ह्या भाऊंनी त्या दिवशी मला आत जाऊ दिलं नाही, मी तर हट्ट धरला व्हता. हाड मोडलं ते मोडलं, जीव तर ऱ्हायला. रोजच्या नमाजात ती त्याच्यासाठी दुवा मागत होती, असं राजमहंमदनं त्याला चहा देताना सांगितलं. हौशीरामनं तो चहा तसाच खाली ठेवला.

शेवटी अंजनानंच त्याला धरलं. तीस वर्षांचा संसार. पोटात दुखतंय का मनात, हे तिला कळत होतं. परसात बसवून तिनं विचारलं, आणि त्यानं अंगठा पुढं करून सगळं सांगितलं. तिनं आकांत केला नाही. भांडी तशीच टाकून त्याच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हनार? जिचा पाय गेला तिला जाऊन सांगा. आन् मी बरूबर येनार न्हाई. करताना एकटं व्हता ना?"

तो दुसऱ्याच दिवशी गेला. दुकानात राजमहंमद कापूस भरत होता, रुबिना आत शिवत होती, सायराबानू खाटेवर पाय लांब करून. हौशीराम खाटेशी जमिनीवर बसला. ती म्हणत होती वर बसा, वर बसा. तो म्हणाला, "भाभी, बागंत वाघ आलाच नव्हता."

मग थांबला नाही. कुत्रं, नखं, अंगठा, गवत, अध्यक्षांचा शब्द, सगळं सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी ते फाटकावरचं. तुमी धा मिंटं मागितली व्हती, मला म्हाईत व्हतं आत काय न्हाई, तरी मी न्हाई म्हनलो. हे सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की राजमहंमदला कापूस भरायचा थांबून ऐकावं लागलं.

राजमहंमद उठला. हौशीरामला वाटलं मारणार, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो म्हातारा दुकानाच्या पुढच्या फळीवर जाऊन पाठ करून बसला. आत रुबिनाची मशीन बंद झाली. सायराबानू मात्र त्याच्याकडं एकटक बघत राहिली.

"कुठल्या अंगठ्यानं पुसली?" तिनं विचारलं.

त्यानं उजवा अंगठा दाखवला. तिनं तो बघितला. साधा माळ्याचा अंगठा, भेगांत माती भरलेला.

"आमी तुमच्यासाठी दुवा मागत व्हतो," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. हिशेबात काहीतरी जुळत नसावं तशी म्हणाली. मग विचारलं, "गवत जगलं का?"

"जगलं," तो म्हणाला. "लई दाट आलंय."

हे उत्तर देताना त्याला जेवढी लाज वाटली तेवढी स्टेजवरही वाटली नव्हती. त्यानं माफी मागायला हात जोडले, तर तिनं मान फिरवली. म्हणाली, बाग काय माझ्या एकटीची व्हती का? मी कोन एकटी माफ करनार. मग भिंतीकडं बघतच म्हणाली, "उद्या सकाळी मला तिथं न्या. दहिवर असताना."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो चाकांची खुर्ची ढकलत तिला बोळातून घेऊन निघाला. रुबिना मागून चालली. फाटकातून आत शिरले तसे लोक भोवती जमले. भरतीची पोरं पळायची थांबली, मास्तर मंडळी आली. भाभी आल्या, भाभी आल्या, झालं. एक गुरुजी हौशीरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की आमचे वाघवाले भाऊ आहेत म्हणून सगळं ठीक आहे.

सायराबानूनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. हौशीरामनं गळ्यातली शिट्टी काढून मुठीत धरली आणि सगळ्यांना सांगितलं. दुकानात तिला सांगितलं तसंच, काही न गाळता, फाटकावरच्या धा मिनिटांसकट. पाठीवर थाप मारणारे गुरुजी आपला हात धोतराला पुसत बाजूला झाले. एक पोरगी म्हणाली, आमची मैत्रीण त्या चाळीस दिवसांत हायवेला पळायचं सोडून घरी बसली, तिचा फॉर्मच भरायचा राहिला. मास्तरांनी त्या दिवशी गोल केलाच नाही. अध्यक्षांना कळवायला दोघं तिघं फाटकाकडं निघाले. हौशीरामनं त्यांना अडवलं नाही.

मधल्या हिरवळीची दोरी त्यानं आपल्या हातानं सोडली आणि खुर्ची आत नेली. हरळी दहिवरानं ओलीचिंब होती, चाकांमागं दोन हिरव्या रेघा उठल्या. तो गुडघ्यावर बसला. सायराबानूच्या डाव्या पायातली चप्पल काढली, पाय दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद गवतात ठेवला. पाय त्याच्या हातात निव्वळ वजन होता. त्यानं तळवा सगळीकडून टेकेल असा नीट बसवला, जशी एकेक मूठ हरळी बसवली होती.

"गार लागतंय का?" त्यानं विचारलं.

सायराबानूनं डोळे मिटले. श्वास धरून बसली. रुबिना पुढं झुकली. बोटांच्या मधून गवताची पाती वर आली होती, त्यांवरचं पाणी तिच्या नखांवर उतरत होतं, आणि ते हौशीरामला दिसत होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

तो तिचा पाय धरून तसाच बसला. ऊन भिंतीवरून खाली आलं, करंजावर आलं, मग गवतावर आलं. त्याच्या विजारीचे गुडघे ओले होऊन वाळायला लागले. लोक पांगले होते. फाटकाकडून अध्यक्ष येताना दिसले, तरी तो उठला नाही.

"चला," सायराबानू शेवटी म्हणाली. "दहिवर उडालं." तिनं पाय त्याच्याकडून चपलेत घालून घेतला आणि खुर्चीचा हात धरला.

"उद्या जरा आधी या," ती म्हणाली. "आन् परवा बी."